ज्यांचें रक्त साकळत नाहीं त्यांची शस्त्रक्रिया



सात-आठ वर्षांच्या मुलाचा दुधाचा दांत पडतो, तेव्हां घरांत कोणी त्याकडे फारसें लक्ष देत नाहीं. चूळ भरली, कापसाचा बोळा दाबून धरला, कीं पांच-दहा मिनिटांत काम संपतें. परंतु एखाद्या घरांत असें होतें कीं, संध्याकाळीं थांबलेलें रक्त मध्यरात्रीं पुन्हां येऊं लागतें, सकाळीं उशी भिजलेली सांपडते, आणि दुसरा दिवस मावळला तरी हिरडींतून थेंब थेंब पाझरणें चालूच राहतें. आई घाबरते. आजी म्हणते, "याच्या मामालाहि असेंच होत असे." आजीच्या या एका वाक्यांत रोगाचें निदान जवळजवळ पुरतें सांगितलेलें असतें. या रोगास वैद्यकांत हीमोफिलिया असें नांव आहे.

पण खरी काळजी दांताची नसते. पुढेंमागें या मुलाचें आंत्रपुच्छ सुजलें, अंतर्गळ अडकला, किंवा झाडावरून पडून मांडीचें हाड मोडलें तर काय करावें? ज्याचा पडलेला दांत दोन दिवस आवरत नाहीं, त्याच्या पोटावर शस्त्र चालवावयाचें तरी कसें? शंभर वर्षांपूर्वीं चांगले चांगले शस्त्रवैद्यहि अशा रोग्याच्या अंगास शस्त्र लावण्यास धजत नसत. आज ती स्थिति राहिलेली नाहीं. आज या रोग्यांचे झिजलेले गुडघे बदलले जातात, पोटावरील मोठ्या शस्त्रक्रियाहि होतात, आणि रोगी आपल्या पायांनीं घरीं परत येतो. मात्र त्याला एक अट आहे. रक्त आवरण्याची तयारी रक्त वाहूं लागल्यावर करून भागत नाहीं. ती शस्त्र लावण्यापूर्वीं झाली पाहिजे, आणि जखम भरून येईपर्यंत टिकली पाहिजे. आजच्या भाषणांत मला ही एकच गोष्ट आपल्यापुढें मांडावयाची आहे.

आपल्या बोटास चाकू लागला असतां रक्त कसें थांबतें, तें आधीं पाहूं. प्रथम कापलेली रक्तवाहिनी स्वतःच आंखडते. मग रक्तांतील बिंबिका नांवाचे अतिसूक्ष्म कण त्या छिद्रापाशीं गोळा होऊन तेथें एक कच्चें बूच बसवितात. हें बूच फार वेळ टिकणारें नसतें. त्याला बळकटी यावी म्हणून रक्तद्रवांतून फायब्रिन नांवाचे चिवट तंतु निर्माण होतात आणि त्यांचें जाळें त्या बुचाभोंवतीं विणलें जातें. हें जाळें विणण्याचें काम एकट्यादुकट्या द्रव्याचें नाहीं. विहिरीवर माणसांची रांग लावून एकाच्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत घागर द्यावी, त्याप्रमाणें रक्तांतील अनेक घटक एकामागून एक जागे होत जातात. वैद्यकानें या घटकांना क्रमांक दिले आहेत. या रांगेंतील आठवा घटक ज्याच्या रक्तांत नाहीं किंवा अत्यल्प आहे, त्याला हीमोफिलिया 'ए' झाला असें म्हणतात. नववा नसेल तर हीमोफिलिया 'बी'. रांगेंतील एक माणूस गैरहजर असला, कीं पुढच्यांचे हात रिकामेच राहतात.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा माणसाला टांचणी टोंचली तरी तो रक्त वाहून मरतो, अशी समजूत पुष्कळ शिकलेल्या घरांतूनहि आढळते. ती चुकीची आहे. त्याच्या रक्तवाहिन्या आंखडतात आणि बिंबिकाहि आपलें काम बजावतात. म्हणून लहानसा ओरखडा तुमच्याआमच्यासारखाच थांबतो. उणीव आहे ती पक्क्या जाळ्याची. त्यामुळें मोठ्या जखमेचें रक्त प्रथम थांबल्यासारखें दिसतें, आणि कांहीं तासांनीं कच्चें बूच सुटलें कीं पुन्हां वाहूं लागतें. शस्त्रक्रियेंत हीच गोष्ट घातक ठरते. टाके घालतांना जखम कोरडी दिसते, शस्त्रवैद्य समाधानानें हात धुतो, आणि रात्रीं दोन वाजतां रोग्याची नाडी मंद होण्याऐवजीं जलद होऊं लागते.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं रक्त थांबविण्याचा विचार केला नव्हता असें नाहीं. सुश्रुतसंहितेंत संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे चार उपाय सांगितले आहेत. आजचा शस्त्रवैद्यहि शिरा बांधतो, जखम दाबतो, विजेच्या उष्णतेनें बारीक रक्तवाहिन्या डागतो. परंतु हे सर्व उपाय जखमेवर बाहेरून करावयाचे आहेत. हीमोफिलियांत उणीव जखमेंत नसून रक्तांत असते. म्हणून शस्त्रवैद्याचा हात कितीहि कुशल असला तरी तेवढ्यानें भागत नाहीं.

आतां आजीच्या वाक्याकडे वळूं. हा रोग बहुधा आईकडून मुलग्याकडे येतो. आई स्वतः बहुधा निरोगी दिसते. पण ती रोगाची वाहक असते, आणि तिच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून रोगाचा माग काढावयाचा तो आजोळीं : मामा, मावशीचे मुलगे, आईचे मामा. उलट, रोगी पुरुषाच्या मुलग्यांना त्याच्यापासून हा रोग येत नाहीं, पण त्याच्या सर्व मुली वाहक होतात. आपल्या मराठवाड्यांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. मामा हीमोफिलियाचा रोगी असेल, तर त्याची मुलगी सून म्हणून आणतांना तिच्याबरोबर रोगहि पुन्हां त्याच घरांत येऊं शकतो, हें जाणत्यांनीं ध्यानांत ठेवावें. वाहक स्त्रीच्या रक्तांतहि हा घटक कधीं कधीं बराच कमी असतो. तिच्या बाळंतपणापूर्वीं किंवा शस्त्रक्रियेपूर्वीं तो मोजून घेणें शहाणपणाचें ठरतें. आणखी एक गोष्ट : सुमारें एक तृतीयांश रोग्यांच्या घराण्यांत या रोगाचा मागमूसहि सांपडत नाहीं. तेव्हां "आमच्या घरांत असें कोणाला नाहीं" एवढ्यावर निश्चिंत राहतां येत नाहीं.

रोग दुर्मिळ आहे खरा, पण आपण समजतों तितका नाहीं. हीमोफिलिया 'ए' सुमारें चार-पांच हजार मुलग्यांमागें एकास होतो; 'बी'चें प्रमाण त्याच्या एक पंचमांशाच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेंत धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांवर होती. तिच्यांतील पुरुषांची संख्या धरून हिशेब केला, तर परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या आपल्या या जिल्ह्यांत शंभर-दीडशें तरी अशीं माणसें असावींत, असा अंदाज निघतो. त्यांपैकीं प्रत्येकाला आपला रोग ठाऊक असेलच असें नाहीं. कित्येकांचा रोग सुंतेच्या वेळीं, दांत काढतांना किंवा पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळींच उघडकीस येतो.

या रोग्यांच्या शस्त्रक्रियेचा इतिहास उद्बोधक आहे. १८४० सालीं लंडन येथें सॅम्युअल लेन नांवाच्या शस्त्रवैद्यानें एका मुलाच्या तिरळ्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली. रक्त थांबेना. दिवसामागून दिवस गेले, मूल मरणाच्या दारीं आलें. शेवटीं लेननें दुसऱ्या निरोगी व्यक्तीचें ताजें रक्त त्याच्या शिरेंत घातलें, आणि स्राव थांबून मूल वांचलें. त्या ताज्या रक्तांतून मुलाच्या रक्तांत नसलेला घटक मिळाला, हें कारण मात्र त्या वेळीं कोणासच माहीत नव्हतें. रक्तगटांचा शोधसुद्धां त्यानंतर साठ वर्षांनीं लागला!

दुसरी हकीकत आपल्या शेतकऱ्यांना नवल वाटावें अशी आहे. घोणस चावली म्हणजे हिरड्यांतून, लघवींतून रक्त जाऊं लागतें, हें आपल्याकडे खेड्यांतील मुलांनाहि ठाऊक असतें. १९३४ सालीं लंडनचे मॅकफार्लेन आणि तेथील प्राणिसंग्रहालयाच्या सर्पविभागाचे बार्नेट या दोघांनीं दाखवून दिलें कीं, याच घोणशीच्या विषाचें अतिशय पातळ केलेलें पाणी हीमोफिलियाच्या रोग्याचें रक्त क्षणार्धांत साकळवितें. याचें इंगित असें कीं, तें विष रांगेंतील आठव्या-नवव्याला वगळून थेट दहाव्या घटकाला जागें करतें. सर्पदंशांत हेंच काम सबंध शरीरांत बेसुमार होतें, साकळण्याचें द्रव्य खर्चून जातें, आणि मग रक्त साकळेनासें होतें. दांत काढलेल्या खांचेंत विषाच्या त्या पाण्याचा बोळा ठेवून पुष्कळ रोग्यांचा स्राव थांबविण्यांत आला. पण हा उपाय दिसणाऱ्या जखमेपुरताच. पोटांतल्या जखमेवर तो कसा करणार? तेथें उणा घटक रक्तांतच भरून काढावयास पाहिजे होता.

तो भरून काढण्यांतील अडचण हिशेबानें समजते. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तद्रवांत हा घटक जितका असतो, त्याला एक युनिट म्हणतात. समजा, एका पन्नास किलो वजनाच्या तरुणाचा अंतर्गळ शिवावयाचा आहे आणि त्याच्या रक्तांत आठवा घटक मुळींच नाहीं. शस्त्रक्रियेपूर्वीं तो निरोगी माणसाच्या शेकडा ८० इतका केला पाहिजे. दर किलो वजनास एक युनिट दिलें असतां आठवा घटक शेकडा दोननें वाढतो. म्हणजे दर किलोस ४० युनिट, एकूण २,००० युनिट लागलीं. हीं साध्या रक्तद्रवांतून द्यावयाचीं तर दोन लिटर रक्तद्रव एका वेळीं शिरेंत घालावा लागेल. तेवढा भार हृदयाला सोसणार नाहीं. म्हणूनच रक्तपेढ्या निघाल्यानंतरहि मोठी शस्त्रक्रिया धोक्याचीच राहिली.

ही कोंडी १९६४ सालीं अमेरिकेंतील जुडिथ पूल या विदुषीनें फोडली. गोठविलेला रक्तद्रव थंडींतच हळूहळू वितळूं दिला असतां तळाशीं थोडा साका राहतो, आणि आठवा घटक बहुतेक त्या साक्यांतच असतो, असें तिला आढळून आलें. या साक्याला क्रायोप्रेसिपिटेट म्हणतात. त्याच्या एका लहान पिशवींत साधारण ८० युनिट सांपडतात. म्हणजे आपल्या तरुणाला पंचवीस पिशव्या पुरतात. पुढें याहून शुद्ध केलेली पूड कुप्यांतून मिळूं लागली. हजारों दात्यांचें रक्त एकत्र करून ती तयार होत असल्यामुळें १९८०च्या दशकांत तिच्यांतून एड्स आणि कावीळ यांचे विषाणु जगभर असंख्य रोग्यांना जडले, हें दुःखद प्रकरण विसरतां येणार नाहीं. त्यानंतर विषाणु मारण्याच्या रीति आल्या, आणि मानवी रक्ताशिवाय कारखान्यांत बनविलेला घटकहि १९९० नंतर मिळूं लागला. घरोघरीं जिला नुसतें 'फॅक्टर' म्हणतात ती कुपी हीच.

पण २,००० युनिट देऊन झालीं म्हणजे काम संपलें असें नव्हे. खरें काम तेथून पुढें आहे. शिरेंत घातलेला आठवा घटक साधारण आठ ते बारा तासांत निम्मा होतो. सकाळीं आठ वाजतां शेकडा ८० असलेला घटक रात्रीं आठाला ४० वर आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं २० वर येतो. जखम तर इतक्यांत भरत नाहीं. म्हणून पुढचे डोस घड्याळाप्रमाणें, रक्त दिसो वा न दिसो, देत राहावे लागतात. जागतिक हीमोफिलिया महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शिकेंत मोठ्या शस्त्रक्रियेसाठीं दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. जेथें औषधाची विपुलता आहे तेथें पहिले तीन दिवस शेकडा ६० ते ८०, पुढचे तीन दिवस ४० ते ६०, आणि चौदाव्या दिवसापर्यंत ३० ते ५० इतका घटक राखावा. जेथें तुटवडा आहे तेथें हेच आंकडे अनुक्रमें ३० ते ४०, २० ते ३० आणि १० ते २० असे आहेत. कमी औषधांत सुरक्षित शस्त्रक्रिया करतां येते, हें दाखविण्यांत आपल्या देशांतील डॉक्टरांचा मोठा वांटा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांतील डॉक्टरांनीं आपला असा अनुभव १९९८ सालीं प्रसिद्ध केला. यावरून गृहस्थांनीं घ्यावयाचा बोध असा कीं, शेवटच्या दिवसापर्यंतचें औषध हातांत आल्याशिवाय ठरवून करावयाची शस्त्रक्रिया सुरू होऊं देऊं नये. पहिल्या दिवसापुरतें औषध मिळवून शस्त्रक्रिया उरकणें म्हणजे अर्ध्या नदीपर्यंतच पूल बांधण्यासारखें आहे.

नवव्या घटकाचा हिशेब निराळा आहे. तो दर किलोस एक युनिटानें सुमारें शेकडा एकच वाढतो, पण टिकतो अधिक वेळ. शिवाय क्रायोप्रेसिपिटेटमध्यें तो नसतोच. 'बी'च्या रोग्याला क्रायोच्या पिशव्या कितीहि चढविल्या तरी गुण येणार नाहीं. म्हणून नुसतें "हीमोफिलिया आहे" एवढें सांगणें पुरेसें नाहीं. कोणता, आणि किती तीव्र, हें सांगतां आलें पाहिजे.

याहून मोठा धोका डोळ्यांना न दिसणारा आहे. आठवा घटक वारंवार घेतलेल्या कांहीं रोग्यांचें शरीर त्या घटकालाच परका समजून त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार करतें. तीव्र 'ए' रोगांत शेकडा पंचवीस-तीस जणांना हें केव्हां ना केव्हां होतें. अशा रोग्याला कितीहि फॅक्टर दिला तरी तो रक्तांत पोंचतांच निकामी होतो. यांच्यासाठीं आठव्याला वळसा घालून जाणारीं निराळीं औषधें आहेत. तत्त्व तेंच, जें घोणशीच्या विषांत दिसलें. पण प्रतिद्रव्य आहे हें शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळून उपयोग नाहीं. त्याची तपासणी आधीं झालीच पाहिजे. तसेंच अलीकडे एमिसिझुमॅब नांवाचें कातडीखालीं टोंचावयाचें औषध कांहीं रोगी घेतात. तें नेहमींचा रक्तस्राव उत्तम रीतीनें टाळतें. परंतु त्यामुळें रक्त साकळण्याची नेहमींची चांचणी निरोगी माणसासारखी दिसते आणि नवखा डॉक्टर फसूं शकतो. असें औषध चालूं असल्यास तें शस्त्रवैद्याला आवर्जून सांगावें.

शस्त्रक्रियागृहांतील कांहीं नियम घरच्यांनींहि जाणून असावेत. शस्त्रक्रिया शक्यतों आठवड्याच्या आरंभीं आणि सकाळच्या पहिल्या प्रहरीं ठेवावी, म्हणजे पुढचे कांहीं दिवस प्रयोगशाळा व रक्तपेढी पूर्ण चालूं असते. दंडांत किंवा कुल्ल्यांत सुई देऊं नये. तेथें स्नायूंत रक्त सांचतें. ताप-दुखण्यासाठीं ॲस्पिरिन देऊं नये, कारण तें बिंबिकांनाहि दुबळें करतें. १९६२ सालीं जपानांत ओकामोतो दांपत्यानें शोधलेलें ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हें स्वस्त औषध येथें फार उपयोगी पडतें. तें जाळें विणत नाहीं, पण विणलेलें जाळें विरघळूं देत नाहीं. दांत काढल्यावर त्याच्या चुळा भरल्यानें मोठा गुण येतो. मात्र लघवींतून रक्त जात असेल तर तें देऊं नये. टाके काढतांना आणि पुढें सांध्याला व्यायाम देतांनाहि फॅक्टरचें संरक्षण असावें, हें पुष्कळदां विसरलें जातें.

कधीं कधीं मात्र शस्त्रक्रिया न करणें हाच खरा उपचार असतो. हीमोफिलियाच्या मुलाच्या पोटांत उजव्या बाजूस खालीं एकाएकीं दुखूं लागलें, त्याला मांडी सरळ करवेना, तर सगळीं लक्षणें आंत्रपुच्छाच्या सुजेचीं वाटतात. पण पुष्कळदां तें दुखणें, मणक्यापासून मांडीपर्यंत जाणाऱ्या आंतल्या स्नायूंत रक्त सांचल्याचें असतें. सोनोग्राफीनें हा भेद बहुधा कळतो. फॅक्टर देऊन विश्रांति दिली असतां जें बरें व्हावयाचें, त्यासाठीं घाईनें पोट उघडलें तर काय अनर्थ होईल, तें आतां आपणांस सांगावयास नकोच.

आतां आपल्या जिल्ह्यापुरतें बोलतों. धाराशिव येथें २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सुमारें सत्तर किलोमीटरांवर सोलापुरास डॉ. वैशंपायन स्मृति महाविद्यालय आहे. सूक्ष्म तपासण्यांसाठीं मुंबईस परळ येथें के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांत राष्ट्रीय संस्था आहे; १९५७ सालीं रक्तगटांच्या अभ्यासासाठीं निघालेल्या केंद्रांतून ती वाढली. राज्याच्या आरोग्यखात्यानें कांहीं जिल्हा रुग्णालयांतून या रोग्यांसाठीं विनामूल्य फॅक्टर देण्याची सोय केली आहे. १९८३ सालीं दिल्लीस स्थापन झालेली हीमोफिलिया फेडरेशन आणि तिच्या शाखा रोग्यांना मार्गदर्शन करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतहि या रोगाचा समावेश झाला आहे. परंतु या सोयी संकटाच्या रात्रीं शोधावयाच्या नसतात. ज्या घरांत रोगी आहे त्या घरानें आजच विचारून ठेवावें : आपल्याला फॅक्टर कोठें मिळेल? रात्रीं मिळेल काय? तेथें नसल्यास जवळ कोठें? रोग्याच्या खिशांत एक चिठ्ठी कायम असावी. तिच्यावर रोगाचा प्रकार, घटकाचें प्रमाण, प्रतिद्रव्य आहे कीं नाहीं, रक्तगट आणि वजन हीं लिहिलेलीं असावींत. आणि डोक्यास किंवा पोटास मार लागला, तर आधीं फॅक्टर, मग फोटो व तपासण्या, हा क्रम डॉक्टरांना नम्रपणें पण निक्षून सांगावा.

ज्या घरांत असा रोगी नाहीं, त्यांच्याकडेहि माझें एक मागणें आहे. घरांतील कोणावरहि शस्त्रक्रिया ठरली, सुंता किंवा दांत काढणें असें किरकोळ काम असलें तरी, डॉक्टरांनीं न विचारतां आपण होऊन दोन गोष्टी सांगाव्यात : पूर्वीं कधीं रक्त थांबण्यास वेळ लागला होता काय, आणि आजोळीं कोणाला असें होत होतें काय. आपल्या घरांतल्या आज्यांना या गोष्टी पाठ असतात. त्यांना विचारण्यास पैसा पडत नाहीं. पण त्यांचें उत्तर वेळेवर ऐकलें, तर रक्ताची चांचणी वेळेवर होते, हिशेब वेळेवर मांडला जातो, आणि एक मूल वांचतें.